शब्द कुठे तोडावा

मार्च लागला की सकाळच्या एसटीत मोहफुलांचा वास चढतो. बायका टोपल्या सीटखाली सरकवतात, पदराने मान पुसतात, आणि गाडी हलली की तो गोड, किंचित आंबूस वास मागून पुढे सरकत ड्रायव्हरपर्यंत जातो. त्यांच्यामध्येच दाटीवाटीने दहावीच्या पोरी बसलेल्या असतात. मांडीवर पारदर्शक पॅड, पॅडला लावलेलं हॉलतिकीट, आणि ओठ आतल्या आत हलत असलेले. बाहेर लाखोळीचं पीक काढून मोकळी झालेली धानाची बांधी, मधूनच उन्हाळी धानाचा एखादा हिरवागार तुकडा, आणि पान नसलेले, नुसत्या फुलांचे पळस.

यंदा इंग्रजीच्या पेपराच्या सकाळी माझ्या पुढच्या सीटवरची पोरगी बोटांवर शब्द मोजत होती. रि-स्पॉन्-सि-बि-लि-टी. सहा बोटं झाली. मग तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि चौथ्या बोटाशी आल्यावर ते अंगठ्याने जरा दाबलं. ‘बि’वर जोर. ती माझीच विद्यार्थिनी. मागे वळून मला पाहिल्यावर हसली. “मॅडम, बरोबर ना?”

“बरोबर,” मी म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

मी लाखांदूरला एका शाळेत इंग्रजी शिकवते. पोरीने सहा तुकड्यांचा शब्द न अडखळता वाचला तर शिक्षिकेला आनंद व्हायला हवा. मलाही होतो, पण जरा उशिरा. त्याआधी लाज येते. ही लाज सतरा वर्षांची आहे, आणि ती दरवर्षी याच दिवसांत, याच वासासोबत येते. इतकी वर्षं ती मी कुणाला सांगितली नव्हती. यंदा सांगावी लागली.

वर्गात मी पोरांना हनुवटीखाली आडवा हात धरायला लावते. शब्द म्हणा, हनुवटी हाताला जितक्या वेळा टेकेल तितके त्याचे तुकडे. पहिल्या दिवशी सगळा वर्ग हसतो. चाळीस पोरं हनुवटीखाली हात धरून ‘युनिव्हर्सिटी’ म्हणायला लागली की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन बघून जातात. मग मी सांगते, तुकडे मोजले म्हणजे काम संपलं नाही. त्यातल्या एका तुकड्यावर जोर असतो आणि बाकीचे त्याच्यापुढे मान खाली घालतात. आपल्या मराठीत असं फारसं नाही. ‘वैनगंगा’ म्हणताना आपण कुठल्याच अक्षराला खाली बसवत नाही, ज्याचा त्याचा वाटा ज्याला त्याला देतो. इंग्रजीचा जोर कुठे पडेल हे शब्द नुसता पाहून कळत नाही, ऐकावं लागतं.

आणि शेवटी सांगते की शब्द दोन तऱ्हांनी तुटतो. एकदा तोंडात तुटतो, एकदा अर्थात. अर्थाचे तुकडे म्हणजे मूळ शब्द, त्याच्या पुढे लागलेलं काही, मागे लागलेलं काही. हे तुकडे आणि तोंडातले तुकडे दर वेळी एकाच जागी पडत नाहीत. दोन्ही शिकायचे, पण एकाच्या जागी दुसरा घालायचा नाही.

हे सांगताना मी फळ्याकडे तोंड करते. पोरांना वाटतं, मॅडम काहीतरी लिहिणार आहेत.

माझं माहेर पवनीजवळच्या एका गावातलं. मी अकरावीत होते त्या वर्षी दादाचं लग्न झालं आणि करडीहून छाया वहिनी घरात आली. ती एकोणीसची, मी सतराची. वयाने दोन वर्षांनी मोठी, तरी मी नणंद म्हणून ती मला ‘बाई’ म्हणायची आणि ‘तुमी’ म्हणायची. मी तिला सरळ ‘तू’. घरात सगळ्यांना हे रीतीचंच वाटायचं, मलाही.

वहिनी नववी झालेली. पुढे शाळा लांब पडली, मग राहिलंच. आमच्या आईला मात्र शिकलेल्या सुनेची हौस होती. ती दादाला म्हणाली, “पोरगी हुशार दिसते, सतरा नंबरचा फॉर्म भर तिचा. घरी बसून दहावी करन.” दादाने भरला. आणि इंग्रजी शिकवायचं काम माझ्याकडे आलं, कारण दहावीला इंग्रजीत मी शाळेत पहिली आले होते आणि बक्षीस म्हणून मला एक जाडा शब्दकोश मिळाला होता. पाहुणे आले की बाबा तो शब्दकोश आणायला सांगत. पाहुणा हातात घेऊन वजन करून बघे आणि परत देई. आमच्या घरात इंग्रजी म्हणजे मी होते. दुसरं कुणी नव्हतं.

आमचा अभ्यास मोहाखाली चालायचा. आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दोन मोठे मोह आहेत. पहाटे उठून जायचं. झाडाखालचा पालापाचोळा आधीच जाळून जागा काळी केलेली असायची, त्या काळ्या राखेवर पिवळट, मऊ, रसाने भरलेली फुलं टपटप पडलेली. हाताला राख लागायची आणि राखेवर रस. कंबर दुखली की वहिनी उकिडवी बसायची आणि म्हणायची, “हं बाई, सांगा आता.” मी शब्द सांगायची, ती फुलं मांडायची. एका तुकड्याला एक फूल. ‘टी-चर’, दोन फुलं. ‘हॉस-पि-टल’, तीन. जोराचं तिला मी सांगितलंच नव्हतं, कारण ते मलाच माहीत नव्हतं.

ते तिने शोधलं. एक दिवस ओसरीवर शब्दकोश मांडीवर घेऊन ती कितीतरी वेळ दोन ओळींवर बोट फिरवत बसली होती. मग म्हणाली, “बाई, हे बारीक उभी रेघ कायची हाय?”

“कुठली रेघ?”

“हे पाहा. फोटोग्राफमंदी रेघ सुरुवातीलेच हाय. अन् खाली फोटोग्राफरमंदी ते आत सरकली. काहून सरकली?”

मी पाहिलं. खरंच रेघ होती. शब्दाच्या उच्चारात, तांदळातल्या किड्याएवढी. मी तो शब्दकोश वर्षभर वापरत होते आणि त्या रेघा मला कधी दिसल्या नव्हत्या. दिसल्या असतील तर छपाईचे डाग समजून सोडल्या असतील.

“तसंच असते,” मी म्हणाले.

“तसंच कसं असन? पानापानावर हाय.” तिने चार पानं उलटून दाखवली. मग स्वतःशीच दोन्ही शब्द म्हणून पाहिले, एकदा इथे दाबून, एकदा तिथे. आणि हसली. “मले वाटते बाई, यायच्या शब्दात एकच अक्षर पाटील राहते, बाकीचे सारे गडी. अन् शब्द लांबला का पाटील घर बदलते.”

आई आत स्वयंपाकघरात होती. तिला ‘पाटील घर बदलते’ एवढंच ऐकू आलं आणि ती जोरात हसली. म्हणाली, “छाया, तू तं मास्तरीनच होनार पाय.”

आई असं मला कधी म्हणाली नव्हती.

एवढंच घडलं होतं. पुढे मी जे केलं त्याला याहून मोठं कारण शोधायचा मी खूप प्रयत्न केला आहे. सासुरवास, भांडण, अपमान, काही तरी. काही नव्हतं. माझ्या शब्दकोशातली एक रेघ तिला आधी दिसली होती.

तोंडी परीक्षेला आठ-दहा दिवस उरले होते. पुस्तकातला एक उतारा मोठ्याने वाचायचा, मग सर दोन-चार प्रश्न विचारणार. वहिनीने जुन्या वास्तूंबद्दलचा एक उतारा निवडला होता. पवनीला जुने अवशेष आहेत, टेकडी आहे, म्हणून तिला तो आपला वाटला असावा. त्यात दोन शब्द तिला अडत होते. एक ‘हेरिटेज’, एक ‘सिग्निफिकंट’.

मी तिला एक नियम सांगितला. म्हणाले, “मोठ्या शब्दाच्या पोटात लहान लहान ओळखीचे शब्द असतात. ते शोधायचे आणि जसेच्या तसे वाचायचे.” आणि कागदावर लिहून दाखवलं. हेरिटेजमध्ये हर, मग इट, मग एज. सिग्निफिकंटमध्ये साइन, मग इफ, मग आय, मग कान्ट. अक्षरं तंतोतंत जुळत होती. वहिनीला इतका आनंद झाला की तिने कागद उलटासुलटा करून पाहिला. “अगं बाई! याच्यात तं पूर्न वाक्य हाय!” आणि ती म्हणायला लागली. हर-इट-एज. साइन-इफ-आय-कान्ट. मोह वेचताना, भांडी घासताना, बोडीच्या पाण्यावर कपडे धुताना. माझ्याकडे बघून म्हणायची, म्हणजे चुकलं तर मी सांगेन. मी मान हलवायची.

खोटं कसं रचावं हे मला तेव्हा कुणी शिकवलं होतं कोण जाणे. आज मी जाणते की ‘सिग्निफिकंट’च्या मुळाशी खूण या अर्थाचा शब्द खरंच आहे. म्हणजे ‘साइन’ तिथे अर्थाने आहे, उच्चाराने नाही. अर्थाचा तुकडा मी तिच्या तोंडात उच्चार म्हणून घातला, आणि त्याला बाकीचे तीन खोटे तुकडे जोडले. अर्धं खरं होतं म्हणूनच तिला ते पटलं.

मी हे माझ्या दोन मैत्रिणींनाही सांगितलं. हे सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. तोंडीच्या दिवशी त्या दोघी पवनीच्या परीक्षेच्या शाळेत, माझ्यासोबत व्हरांड्यातल्या खिडकीशी उभ्या होत्या.

दुपारचे बारा-साडेबारा झाले असतील. बाहेरून परीक्षा देणाऱ्यांना शेवटी घेतलं होतं. वहिनीने लग्नातली मोरपंखी साडी नेसली होती आणि डोक्यावर पदर होता. सर कंटाळलेले होते, टेबलावर कोपर टेकून बसलेले. वहिनीने पुस्तक दोन्ही हातांत धरलं आणि वाचायला लागली. चांगलं वाचत होती. मला आठवतं, पहिली तीन वाक्यं तिने इतकी चांगली वाचली की सर सरळ होऊन बसले. मग आलं हर-इट-एज.

“काय?” सर म्हणाले.

वहिनीला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही. तिने मोठ्याने म्हटलं, “हर, इट, एज.”

माझ्या मैत्रिणी खिडकीखाली बसल्या, तोंडात ओढणी कोंबून. सर म्हणाले, “पुढे वाचा.” आणि पुढच्याच ओळीत साइन-इफ-आय-कान्ट आलं. सर हसले. वाईट हसणं नव्हतं ते, कुणालाही आलं असतं. त्यांनी शेजारच्या खोलीतल्या बाईंना हाक मारली, “अहो, जरा या, ऐका हे.” बाई आल्या. वहिनीला पुन्हा वाचायला लावलं. तिने पुन्हा वाचलं, पण या वेळी आवाज खाली गेला होता.

“कोणी शिकवलं तुम्हाला असं?” बाईंनी विचारलं.

वहिनी म्हणाली, “माह्या ननदीनं, सर. ते गंज हुशार हाय. तिले शब्दकोश भेटला बक्षीस.” तिने बाईंनाही सरच म्हटलं होतं. आणि ती खिडकीकडे, माझ्याकडे बघून हसली. मी हसत असल्याचं तिने पाहिलं की नाही, मला माहीत नाही. मी हसत होते.

इथपर्यंत सगळं पोरकटपणात मोडलं असतं. सतराव्या वर्षी माणूस असं करतं, आणि एखाद्या दिवाळीत सगळे मिळून त्यावर हसतात. लाज वाटावी ते पुढे घडलं.

परत येताना आम्ही एसटीत शेजारी बसलो होतो. मैत्रिणी पवनीलाच राहिल्या होत्या. वहिनीच्या हाताला मोहाचा चिकटा होता आणि ती बोटं एकमेकांना चिकटवून सोडवत होती. मग तिने माझ्याकडे न बघता विचारलं, “बाई, ते हेरिटेज मी चुकीचं म्हनलं का?”

तेव्हा सांगता आलं असतं. तिथेच, त्याच क्षणी, ‘वहिनी, मी गंमत केली’ एवढं म्हणता आलं असतं. ती रुसली असती, दोन दिवस बोलली नसती, आईने मला झोडपलं असतं.

मी म्हणाले, “मी असं थोडीच सांगितलं होतं? मी हेरिटेज म्हणाले होते. तू विसरली असशील.”

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत संशय नव्हता. भीती होती, आणि ती स्वतःचीच. स्वतःच्या डोक्यात ठेवलेली वस्तू तिथे सापडत नाही म्हणून माणूस घाबरतं तशी.

“असन,” ती म्हणाली. “माह्याच ध्यानात राह्यलं नसन.”

कागद होता. तिच्या पिशवीत, पुस्तकात खुणेला ठेवलेला, माझ्या अक्षरातला. घरी गेल्यावर ती चहा ठेवायला आत गेली तेव्हा मी तो काढून घेतला आणि चुलीत घातला.

मराठीच्या पेपराला ती गेली. इंग्रजीच्या दिवशी सकाळी म्हणाली, डोकं दुखते. दादा रागावला, आईने समजावलं. ती एवढंच म्हणत राहिली, “माह्या डोक्यात राहत नाई. जाऊन का करू?” पुढचे पेपरही राहिले. दुसऱ्या वर्षी आईने पुन्हा फॉर्मची गोष्ट काढली तेव्हा तिला दिवस गेलेले होते. मग तनू झाली. मग कुणी विषय काढला नाही.

पण ते वाक्य घरात राहिलं. ‘छायाच्या डोक्यात राहत नाही.’ दादा बाजारातून काय आणायचं ते तिला विचारायच्या ऐवजी आईला विचारायला लागला. गावातल्या बायका ग्रामपंचायतीला उभी राहा म्हणून मागे लागल्या, तर ही म्हणाली, नको बापा, माह्या ध्यानात राहत नाई. अंगणवाडीतली जागा निघाली, ती दहावी मागत होती. हरतालिकेला, गौरीला सगळ्या बायका आरत्या तोंडपाठ म्हणत असत आणि वहिनी पुस्तक उघडून बघत असे. तिला पाठ होतं. मी तिचे ओठ पाहिले आहेत, ते पुस्तकाच्या पुढे असायचे. तरी ती बोट ओळीवरून काढत नव्हती.

मी बी.ए. केलं, बी.एड. केलं, इंग्रजीची शिक्षिका झाले. नोकरी लागली त्या दिवशी वहिनीने सगळ्या गल्लीत पेढे वाटले. “आमच्या बाईले पयल्यापासून येत होतं,” असं प्रत्येक दारात सांगितलं. मी तिच्यासोबत होते, पेढ्यांचा डबा धरून.

यंदा तनू दहावीला. इंग्रजीच्या पेपराआधीच्या रविवारी मी माहेरी गेले, खास तिचा अभ्यास घ्यायला. अंगणात मोहफुलं वाळत पडली होती. ताजी पिवळी एका बाजूला, वाळून मनुक्यासारखी झालेली दुसऱ्या बाजूला, आणि कोंबड्या हाकलायला आई काठी घेऊन खाटेवर. तनू ओसरीवर पुस्तकं पसरून रडकुंडीला आलेली. एका लांब शब्दावर अडली होती. वहिनी तिच्या मागून गेली, थांबली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, “दुसऱ्यावर जोर दे ना, मंग निंगते.”

मी दचकले. बरोबर होतं ते.

तनू पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, “आई, तू नको सांगू. तुह्या डोक्यात राहत नाई, अन् मी तुह्यावरच गेली. म्हनून मलेही येत नाई.”

दादा पेपर वाचत होता. तो हसला. वहिनीही हसली. “हो ना बाप्पा. माहं डोकं म्हनजे फुटका माठ,” ती म्हणाली आणि सूप घेऊन अंगणाच्या मागच्या बाजूला गेली.

मी तिच्या मागे गेले. आधी ठरवलेलं काही नव्हतं. पोरीचं ‘मी तुह्यावरच गेली’ ऐकल्यावर मला तिथे बसवेना, इतकंच.

वहिनी उकिडवी बसून वाळलेली फुलं पाखडत होती. मी उभ्यानेच म्हणाले, “वहिनी, तुझी तोंडी परीक्षा आठवते?”

“कायले आता ते?”

“तो शब्द मीच तुला तसा शिकवला होता. मुद्दाम. तू विसरली नव्हतीस.”

सूप थांबलं. तिने मला पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं. नियम, कागद, मैत्रिणी, एसटीतलं बोलणं, चूल. ती जमिनीकडे बघत होती. मग तिने हळू आवाजात म्हटलं, “हर, इट, एज. साइन, इफ, आय, कान्ट.” सतरा वर्षांनी, एक तुकडा न चुकता.

“मंग माह्या ध्यानात बरोबर होतं.”

“हो.”

“मी विसरली नव्हती.”

“नाही, वहिनी.”

ती रडली असती तर मी तिच्या पायाशी बसले असते. मला वाटतं, मी मनातून त्याचीच वाट बघत होते. ती रडली नाही. उठली, लुगड्याचा कचरा झटकला आणि माझ्यासमोर उभी राहिली. “सतरा वर्स मी मलेच ढ म्हनत राह्यली. कुलूप लावलं का नाई म्हनून तीन डाव पाह्यतो मी रोज. गॅस बंद केला का नाई. पोरीले दवा देल्ली का नाई. अन् तुले मालूम होतं.” आयुष्यात पहिल्यांदा ती मला ‘तू’ म्हणाली. “तुले रोज मालूम होतं.”

मी म्हणाले, “मला माफ कर.”

“ते मंग पाहू. चाल, तनूसमोर सांग.”

“पेपर होऊ दे तिचा. आत्ता तिचं लक्ष...”

“आत्ताच,” वहिनी म्हणाली. “पोरगी म्हनते, मी आईवर गेली. पेपरले जाच्या आधी तिले मालूम व्हाले पायजे का आई कशी होती.”

मी गेले. ओसरीवर उभी राहून मी दादासमोर, आईसमोर, तनूसमोर सगळं पुन्हा सांगितलं. वर्गात मी रोज सहा तास बोलते, कधी शब्द अडत नाही. तिथे प्रत्येक वाक्य दोनदा सुरू करावं लागलं. कुठे गुळमुळीत झालं तर वहिनी मागून म्हणायची, “कागदाचं सांग.” “हासली ते सांग.” दादाने पेपर घडी करून बाजूला ठेवला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्याच्या कानांवरून कळत होतं, लाल झाले होते. आई काठी हातात धरून नुसती बघत राहिली. तिने एकच विचारलं, “मी तिले मास्तरीन होशीन म्हनलं, म्हनून?” मी मान हलवली. आईने तोंड फिरवलं.

तनूने पुस्तकातून मान वर काढली. ती आईकडे बघत होती. जरा वेळाने तिने आपली पुस्तकं थोडी सरकवली, ओसरीवर एका माणसापुरती जागा केली. मग मला म्हणाली, “आत्या, तुम्ही राहू द्या आता. मी आईसंगच वाचतो.”

मी पिशवी उचलली. स्टँडपर्यंत सोडायला कुणी आलं नाही. दरवेळी वहिनी येते, पिशवीत तांदूळ, लाखोळीची डाळ कोंबते आणि गाडी हलेपर्यंत उभी राहते.

त्याला आता तीन आठवडे झाले. पेपर संपले. शाळेत पोरं हनुवटीखाली हात धरतात, मी फळ्यावर शब्द तोडून दाखवते. सांगून टाकल्यावर मन हलकं होतं असं लोक म्हणतात. माझं झालं नाही. इतके दिवस ती लाज माझ्या एकटीची होती, मी तिला झाकून-पाकून वापरत होते, कधी कधी तर तिच्यामुळे स्वतःला चांगली शिक्षिकाही समजत होते. आता ती गावाची झाली. आई फोनवर सांगते की वहिनी ही गोष्ट विहिरीवर सांगते, मोह वेचताना सांगते, कुणी विचारलं तरी आणि नाही विचारलं तरी. माझ्या नावासकट. आईला ते बरं वाटत नाही. म्हणते, घरातली गोष्ट घरात राहावी. मी म्हणते, सांगू दे. तिचं डोकं फुटकं आहे हेसुद्धा घरातच राहिलं नव्हतं, सगळ्या गावाला माहीत होतं.

काल आईने विचारलं, अक्षय तृतीयेला येशील ना? दरवर्षी मी जाते. पितरांसाठी घागर भरायची असते, पुरणाचा स्वयंपाक असतो आणि आम्ही दोघी मिळून करतो.

“वहिनीला विचार,” मी म्हणाले.

आईने फोन कानावरून काढला असावा. मला अंगणातलं सगळं ऐकू येत होतं, कोंबड्या, कुणाचा तरी ट्रॅक्टर, आईची हाक. आणि मग वहिनीचा आवाज, दुरून, पण स्पष्ट.

“येऊ दे म्हनाव. घर काई माहं एकटीचं नाई.”